कसारा ते माळशेज: मुंबईकरांनी घाटमाथ्यावरची पहिली सायकल सफर कशी करावी

सामान सायकलला बांधायचं, शहर मागे टाकायचं आणि डोंगर, पठारं, खोरी बघत तीन-चार दिवस हिंडायचं, ही इच्छा मुंबईत सायकल चालवणाऱ्या पुष्कळ जणांना असते. अडतं पुढे. कुठून सुरुवात करायची, हायवेवरून जायचं का, घाट चढवेल का, रात्री राहायचं कुठे, हे प्रश्न सुटत नाहीत आणि बेत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच राहतो. माझ्याकडे असे प्रश्न सतत येतात, म्हणून नवख्या माणसाला झेपेल आणि तरीही खरा सह्याद्री दाखवेल असा एकच मार्ग इथे सविस्तर देते: कसारा, भंडारदरा, ओतूर, माळशेज आणि परत लोकलने घरी. चार दिवस, तीन मुक्काम.

मार्ग हाच का निवडला ते आधी सांगते. मुंबईहून सह्याद्रीत जाताना पहिल्या दिवशी कोकणातून घाटमाथ्यावर चढावंच लागतं. एकदा वर पोचलात की लगेच खाली उतरायचं नाही, वरच राहायचं. घाटमाथ्यावर नद्या पूर्वेकडे वाहतात आणि दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एक धार असते. या मार्गावर आधी दारणेचं खोरं लागतं, मग प्रवरेचं, मग मुळेचं, मग मांडवीचं. प्रत्येक धार ओलांडायला एक खिंड, आणि खिंडीपलीकडे वेगळंच खोरं. पहिला आणि तिसरा दिवस या खिंडींचे, दुसरा पठारावरचा, चौथा जवळजवळ सगळा उताराचा.

१. किलोमीटर नाही, चढ मोजा

नवखा माणूस हमखास फसतो तो इथेच. पामबीचवर ८० किलोमीटर सहज होतात म्हणून घाटातही ८० होतील असं तो धरून चालतो. सामान लादलेली सायकल घाटात ताशी ६-७ किलोमीटरने चढते, आणि त्यात काही कमीपणा नाही. माझा ठोकताळा असा: प्रत्येक १०० मीटर चढाला सपाटीचे पाच-सहा किलोमीटर जास्तीचे धरायचे. ६० किलोमीटरच्या दिवसात ९०० मीटर चढ असेल तर तो दिवस ११० किलोमीटरचा समजायचा आणि मुक्काम तसा ठरवायचा.

मार्ग आखण्याच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये चढाचा आलेख दिसतो. प्रत्येक दिवसाचा आलेख आधी बघा आणि सगळ्यात मोठा चढ सकाळी अकराच्या आत येईल असं निघण्याचं गणित बसवा.

२. कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर उतारांवर सोनकीचा पिवळा रंग अजून असतो, ओढे वाहत असतात आणि भातं पिवळी पडायला लागलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याला पहाटे चांगलीच थंडी पडते. मुंबईची सवय असलेल्यांनी कानटोपी आणि पूर्ण बोटांचे हातमोजे न्यायलाच हवेत, कारण पहाटेच्या उतारावर बोटं बधिर झाली तर ब्रेक नीट दाबता येत नाही.

पावसाळ्यात हा मार्ग पहिल्या सफरीसाठी नको, हे माझं ठाम मत आहे. माळशेजला दरडी येतात, धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही आणि प्रशासन अनेकदा पर्यटकांवर निर्बंध घालतं. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते. तेव्हाही रात्रीचे ते अरुंद रस्ते सायकलस्वाराच्या कामाचे नाहीत.

३. सायकल कशी हवी

महागडी टुरिंग सायकल लागत नाही. हायब्रिड उत्तम, साधी एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकलही चालते. रस्त्याच्या सायकलला किमान २८ मिलिमीटरचे टायर बसत असतील तर तिनेही जमेल, पण दुसऱ्या दिवशीच्या घाटघर-साम्रदच्या खडबडीत रस्त्यावर ३२ ते ४० मिलिमीटरचे टायर असलेला माणूस सुखी असतो.

गिअर मात्र नीट बघा. पुढचं सगळ्यात लहान चक्र ३० दात्यांचं किंवा त्याहून लहान आणि मागचं सगळ्यात मोठं ३२-३४ दात्यांचं असेल तर पहिल्या दिवशीची बारीची खिंड बसून चढता येईल. पुढे ३९ आणि मागे २५ अशी जोडी असेल तर दुकानात जाऊन मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, बदलून घ्या. गुडघे दुखण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं.

सामान पाठीवर घेऊ नका. मागे कॅरियर आणि त्याला दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या, म्हणजे पॅनियर, एवढं पुरतं. जड वस्तू तळाला आणि दोन्हीकडे वजन सारखं. कॅरियरचे स्क्रू निघायच्या आदल्या दिवशी पान्ह्याने घट्ट करा आणि रोज संध्याकाळी पुन्हा तपासा, खराब रस्त्यावर ते हमखास सैल होतात.

४. तयारी: मुंबईतच चढ शोधा

मरीन ड्राइव्हवर दमसास वाढतो, पण चढाची सवय होत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता, ठाण्यात येऊरचा चढ, दक्षिण मुंबईत मलबार हिल, हे सरावाला चांगले. येऊर सलग दोनदा न थांबता चढता येत असेल तर कसारा घाट होईल.

त्यानंतर सामानासकट एका रात्रीची रंगीत तालीम करा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत सायकल नेता येते. मांडव्याहून अलिबाग, पुढे रेवदंडा, तिथे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. रस्ता बराचसा सपाट आहे, त्यामुळे चूक झाली तरी निभावतं. पॅनियर टाचेला लागतो का, सीटची उंची बरोबर आहे का, आपण किती फालतू सामान घेतलंय, हे सगळं इथेच कळतं.

५. काय काय न्यायचं

कागदपत्रं आणि पैसे:
- मूळ आधार कार्ड किंवा दुसरं फोटो ओळखपत्र. लॉजवर आणि घरगुती मुक्कामाला मागतात.
- सायकलच्या बिलाचा आणि फ्रेम नंबरचा फोटो.
- आरोग्य विम्याचं कार्ड, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. ती पॅनियरमध्ये ठेवू नका, अंगावरच ठेवा.
- रोख रक्कम, त्यातही सुटे. मोबाइलला रेंज नसेल तर यूपीआय चालत नाही, आणि रतनवाडी-साम्रदच्या बाजूला रेंजचा भरवसा नाही.

दुरुस्तीचं सामान: दोन जादा ट्यूब, पंक्चरचे पॅच, टायर काढायचे लिव्हर, हातपंप, चेन तोडायची सोय असलेला मल्टिटूल, चेनची एक क्विक लिंक, गिअरची एक वायर, ब्रेकपॅडचा एक जोड, थोडं तेल, केबल टाय.

यातल्या ट्यूबबद्दल थोडं जास्त सांगते. आपल्या सायकलींना अनेकदा बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप मोटरसायकलच्या जाड तोंडाच्या व्हॉल्व्हचा असतो, तो इथे बसत नाही. माझ्या एका सोबत्याचा हातपंप वाटेत मोडला. पंक्चरच्या दुकानासमोर उभे असूनही आम्हाला हवा भरता येईना. पितळेचा छोटा अडॅप्टर सायकलच्या कुठल्याही दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. तो व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा, म्हणजे शोधावा लागणार नाही.

आणि पंक्चर झालं की नवी ट्यूब घालायची घाई करू नका. इथे पंक्चर बहुतेक वेळा बाभळीच्या काट्याने होतं आणि काट्याचं टोक टायरातच राहिलेलं असतं. टायरच्या आतल्या बाजूने बोट अगदी हलक्या हाताने गोल फिरवा. खरखरीत लागलं की तिथे थांबा, टायर दुमडून फट उघडा आणि काटा चिमट्याने किंवा नखाने बाहेरच्या बाजूने ओढून काढा. हे केलं नाहीत तर दुसरी ट्यूबही शंभर पावलांवर बसते.

खाण्यापिण्याचं: पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक लिटर जादा, ओआरएसची पाकिटं, शेंगदाणा चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. कपड्यांचे दोनच जोड. पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जाकीट दिवसाही हवं.

६. कसारा लोकलमध्ये सायकल

ठाणे-भिवंडी-शहापूर हा रस्ता सायकलवर करू नका. ट्रक, धूळ आणि उड्डाणपुलांच्या कामांत अख्खा दिवस जातो आणि घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत अंगातली ताकद संपलेली असते. सीएसएमटीहून कसारा १२१ किलोमीटर. पहाटेची लोकल पकडली की अडीच तासांच्या आसपास तुम्ही थेट घाटाखाली.

सायकल लगेजच्या डब्यातून न्यायची आणि तिकीट खिडकीवर तिच्यासाठी लगेजचं वेगळं तिकीट काढायचं. खिडकीवर रांग असू शकते, म्हणून अर्धा तास आधी पोचा. लगेजचा डबा प्लॅटफॉर्मवर कुठे येतो ते हमालाला किंवा भाजीवाल्यांना विचारा, त्यांना अचूक ठाऊक असतं. पॅनियर आधीच उतरवून हातात घ्या. आत टोपल्या, पाट्या, दुधाचे कॅन असतात. ती मंडळी रोज पोटासाठी प्रवास करतात, तेव्हा त्यांना आधी चढू-उतरू द्या आणि सायकल कोपऱ्यात धरून उभे राहा.

रविवारी निघणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघाच. कसाऱ्याच्या गाड्या तशाही कमी असतात, एक चुकली की सकाळचा थंड वेळ हातचा गेला. शक्यतो गुरुवारी निघा, म्हणजे तलावाची फेरी शुक्रवारी येते आणि रविवारी परत.

७. पहिला दिवस: कसारा ते भंडारदरा

लोकल कसाऱ्यालाच का संपते ते तिथे उतरल्यावर दिसतं. पुढचा थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, रेल्वेला ३७ला १ (३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर) असा चढ आहे आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना इथे मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात. तुम्हाला बँकर नाही, तेव्हा आधी स्टेशनाबाहेर पोटभर नाश्ता करा. कसारा समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर आहे आणि इगतपुरी ६०० मीटरच्या आसपास, म्हणजे पहिल्याच तासा-दीड तासात ३०० मीटर चढायचं आहे.

घाटात येण्या-जाण्याचे रस्ते वेगळे आहेत, त्यामुळे समोरून गाड्या येत नाहीत. मागून येणारे ट्रक मात्र खूप. डावीकडच्या पांढऱ्या पट्टीच्या जवळ राहा, पण कठड्याला चिकटू नका, तिथे काचा आणि खडी साचते. वळणावर ट्रकला डावीकडून ओलांडायचा मोह कधीही करू नका. हलका गिअर चढ लागायच्या आधीच टाका. पायडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदललात तर चेन उतरते, आणि सामानासकट चढावर पुन्हा सुरुवात करणं कठीण असतं. वर घाटनदेवीचं मंदिर आलं की घाट संपला. तिथे थांबून पाणी प्या, मागे वळून खोल दरी बघा.

इगतपुरीपासून घोटीपर्यंत महामार्गच आहे. घोटी ही भाताची मोठी बाजारपेठ, इथे जेवण करून घ्या. घोटीत महामार्ग सोडून कोल्हारच्या राज्यमार्गाला लागलात की सफर खऱ्या अर्थाने सुरू होते. ट्रकचा आवाज मागे पडतो, दोन्ही बाजूंना खाचरं, आणि समोर कळसूबाईची अख्खी रांग आडवी. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. उजव्या हाताला अलंग, मदन, कुलंग हे तीन गड सरळ कापलेल्या कड्यांनी ओळखू येतात.

ही रांग बारीच्या खिंडीत ओलांडायची. दिवसाचा दुसरा चढ आणि तोही थकलेल्या पायांनी. उतरून सायकल ढकलावी लागली तर खुशाल ढकला. खिंडीपलीकडे नाशिक जिल्हा संपून अहिल्यानगर जिल्हा लागतो आणि शेंडीपर्यंत बराचसा उतार आहे. एकूण ६०-६५ किलोमीटर. शेंडी हेच भंडारदऱ्याचं गाव. एमटीडीसीचं निवासस्थान आहे, लॉज आणि घरगुती सोय आहे. शनिवार-रविवार असेल तर आधी फोन करून जागा पक्की करा.

पाय अगदीच संपले तर घोटीहून काळी-पिवळी जीप मिळते आणि टपावर सायकल बांधून नेतात. सायकलचा मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला राहील असं बांधायला सांगा.

८. दुसरा दिवस: तलावाला फेरी

आज सामान खोलीवर ठेवा. माझ्या मते अख्ख्या सफरीतला हा सगळ्यात सुंदर दिवस, म्हणून तो घाईत उरकू नका. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि त्याच्या आर्थर तलावाला रस्ता पूर्ण वळसा घालतो: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी. ४०-५० किलोमीटर, पण रस्ता ठिकठिकाणी उखडलेला आणि सतत वरखाली, तेव्हा पूर्ण दिवस धरा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क घेतात, पावती जपून ठेवा.

घाटघरला कोकणकड्याच्या टोकापर्यंत जा. पायाखाली जमीन एकदम संपते आणि खाली शहापूर तालुका दिसतो. इथली गंमत बघा: कड्याच्या टोकावर पडलेला पाऊस पश्चिमेला ओघळला तर अरबी समुद्रात, आणि हातभर पूर्वेला पडला तर प्रवरा-गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात. घाटघरचा २५० मेगावॅटचा वीज प्रकल्पही वरच्या-खालच्या उंचीतल्या या फरकावरच चालतो. विजेची मागणी कमी असताना खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडायचं.

साम्रदला जेवण सांगून ठेवा. पिठलं, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा. ऐनवेळी गेलात तर तासभर थांबावं लागतं, कारण चूल तेव्हा पेटते. जवळच्या सांदण दरीत सायकलच्या बुटांनी उतरू नका, तळाला मोठे दगड आहेत. पुढे रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर. त्याची कोरीव नक्षी आणि मागे रतनगड, इथे अर्धा तास द्याच. चारनंतर मात्र निघा, मुतखेलच्या बाजूला झाडी दाट आहे आणि लवकर अंधारतं.

९. तिसरा दिवस: दोन धारा ओलांडून ओतूरला

शेंडीहून रंधा धबधब्यावरून राजूर. राजूरला पेढे घ्या, पुढच्या चढाला उपयोगी पडतील. इथून कोतूळला जाताना प्रवरा आणि मुळा यांच्या मधली धार ओलांडायची. कोतूळला मुळा नदी, जेवणाचा थांबा. मग ब्राह्मणवाडा आणि दुसरी धार. ही धार महत्त्वाची: हिच्या उत्तरेचं पाणी गोदावरीला जातं आणि दक्षिणेचं भीमेला. पलीकडे उतरलात की जुन्नर तालुका, पुणे जिल्हा. एकूण ७०-८० किलोमीटर.

दोन सावधगिऱ्या. हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, एकामागे दोन जोडलेल्या. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून लगेच रस्त्यावर येऊ नका, मागची ट्रॉली आत ओढली जाते. दुसरी जास्त गंभीर: जुन्नर तालुक्यात उसात बिबटे आहेत. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उगाच उभारलेलं नाही. सूर्य मावळायच्या आत ओतूरला पोचलंच पाहिजे. उशीर होतोय असं ब्राह्मणवाड्यालाच वाटलं तर तिथून टेम्पो करा.

ओतूरला कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे आणि तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी. संध्याकाळी पाय मोकळे करायला तिथे जा.

बायकांसाठी एक सांगते, कारण हे कुणी लिहीत नाही: घोटी, राजूर, कोतूळ, ओतूर इथल्या एसटी स्टँडवरच्या आणि महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांतल्या स्वच्छतागृहांचा हिशेब धरून दिवस आखा. मधल्या गावांत एखाद्या घरी ‘ताई, जरा आत येऊ का?’ असं विचारलं तर नाही म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही.

१०. चौथा दिवस: माळशेज उतरून कोकणात

साडेसहाला निघा. पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याच्या काठाने रस्ता जातो, डावीकडे-उजवीकडे डोंगर जवळ येत जातात आणि खुबी फाट्यावर हरिश्चंद्रगडाचा मोठा पसारा दिसतो. घाटाच्या तोंडाशी नाश्ता करा, पण खाण्याच्या पिशव्या हँडलला लटकवू नका, माकडं चालत्या सायकलवरून ओढतात.

उतरण्याआधी सायकल उभी करून ब्रेकपॅड बघा, चाकं घट्ट आहेत का ते बघा, पॅनियरचे हूक बघा. साधारण ७०० मीटरवरून खाली यायचंय आणि सामानामुळे सायकल थांबायला जास्त अंतर लागतं. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वेग वाढला की दोन्ही ब्रेक एकदम दाबून कमी करा, मग पूर्ण सोडा. सतत दाबलेल्या ब्रेकने रिम किंवा डिस्क इतकी तापते की पकड जाते. मधे दोनदा थांबून थंड होऊ द्या, आणि डिस्कला हात लावू नका. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, वळणात नाही.

खाली टोकावडे, मग मुरबाड. इथून उकाडा जाणवायला लागतो आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, म्हणून मुरबाड बाराच्या आत गाठा.

११. परतीची लोकल

सगळेजण कल्याण स्टेशन गाठायला बघतात आणि शहाडच्या पुलावरच्या कोंडीत अडकतात. त्याऐवजी मुरबाडहून येताना गोवेलीला वळा आणि टिटवाळा स्टेशन गाठा. टिटवाळ्याहून सुटणारी सीएसएमटी लोकल घेतलीत तर लगेजचा डबा रिकामा मिळतो आणि सायकल निवांत लावता येते. लगेजचं तिकीट इथेही काढायचं आहे. प्लॅटफॉर्म बदलताना पूल चढावा लागला तर पॅनियर आधी वर नेऊन ठेवू नका, कुणाला तरी सामानापाशी उभं करा किंवा सगळं एकाच खेपेत न्या.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी चेन रॉकेलने किंवा डिग्रीझरने धुऊन तेल द्या, टायरात अडकलेले खडे काढा आणि ब्रेकपॅड किती उरलेत ते बघा. घाटमाथ्यावरची तांबडी माती चेनमध्ये तशीच राहिली तर पुढच्या सफरीआधी चेन आणि कॅसेट दोन्ही बदलावी लागते.